मूड नसताना अभ्यासाला बसायचं कसं : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

हा लेख स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही ज्यांचा पहिला जोर ओसरलाय त्यांच्यासाठी. एक अटेम्प्ट झाला, प्रिलिम म्हणजे पूर्व परीक्षा दोन-चार मार्कांनी गेली, घरून फोन आला की काय सांगायचं कळत नाही, पुस्तक उघडलं तरी डोळे ओळींवरून नुसते फिरतात. अशा वेळी जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो : नवीन टाइमटेबल बनवतो. मी पुण्यात नव्या पेठेत, स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अड्ड्यात, चार वर्षं काढली. तिथे शेजारच्या कॉटवरच्या मित्राने भिंतीवर टाइमटेबल लावलं होतं, तीन रंगांच्या स्केचपेनने, पहाटे ५ ते रात्री ११, आणि त्याच्या कडेला आधीच्या टाइमटेबलांच्या सेलोटेपच्या पिवळ्या पडलेल्या खुणा होत्या. मोजल्या तर चार टाइमटेबलांच्या निघाल्या. पोरगा हुशार होता, कष्टाळू होता, फक्त त्याचा क्रम चुकत होता. आधी तास ठरवायचे, मग त्या तासांसाठी उत्साह गोळा करायचा, आणि गुरुवारपर्यंत तो संपला की स्वतःला शिव्या घालत पुढच्या सोमवारची वाट बघायची.

आधी बैठक बसवावी लागते, तास नंतर वाढतात. बैठक म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेलं काम समोर घेऊन बसणं, मन असो वा नसो. खालचे टप्पे याच क्रमाने करा. बहुतेक लोक पहिला टप्पा गाळतात, उरलेले घाईत उरकतात आणि महिन्याभरात म्हणतात की आपल्यात शिस्तच नाही.

## सुरू करण्याआधी : हा शिस्तीचाच प्रश्न आहे का?

दोन गोष्टी आधी तपासा. पहिली झोप. रात्री २ पर्यंत जागून सकाळी ७ ला अभ्यासिकेत पोचणारा माणूस दुपारी पुस्तकावर डुलक्या घेणारच, त्याला आळस म्हणू नका. आठवडाभर रोज ७ तास झोप घ्या आणि मग बघा किती टक्के प्रॉब्लेम शिल्लक राहतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास आहे, अभ्यासच काय, क्रिकेट, मित्र, जेवण कशातच रस वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडलीये, आपण कुणाच्याच कामाचे नाही असं सारखं वाटतंय, तर कृपा करून हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरला भेटा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन फुकट, २४ तास चालू, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि जवळच्या एका माणसाला सांगा. पेठांमध्ये अशी पोरं मी बघितली आहेत जी वर्षभर स्वतःला आळशी म्हणत राहिली आणि प्रत्यक्षात आजारी होती.

## टप्पा १ : सात दिवस फक्त मोजा

एक १०० पानी वही घ्या. सात दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं : किती वाजता बसलो, किती वाजता उठलो. चहाला गेलो की उठलो, फोन हातात घेतला की उठलो, शेजारच्याशी कटऑफवर चर्चा सुरू झाली की उठलो. अभ्यासिकेत ११ तास होतो याला काही अर्थ नाही, खुर्चीला आणि डोक्याला एकाच वेळी किती मिनिटं मिळाली ते लिहायचं. रात्री बेरीज करा आणि शेजारी फोनमधला स्क्रीन टाइमचा आकडा लिहा.

बेरीज बघून धक्का बसेल. मी स्वतःला १० तास अभ्यास करणारा समजायचो आणि माझ्या वहीत पहिल्या दिवशी ३ तास ५० मिनिटं निघाली. तो आकडा घेऊन मी बराच वेळ जिन्यात बसलो होतो. पण पुढचं सगळं त्या आकड्यावर उभं राहिलं, कारण १० तासांचा माणूस समजून केलेली प्रत्येक योजना ३ तास ५० मिनिटांच्या माणसावर आदळत होती.

इथे होणारी चूक : वही सुरू केली म्हणून त्याच आठवड्यात जोर लावणं. मग आकडा खोटा येतो आणि पुढचा टप्पा चुकतो.

तपासा : सात तारखा, सात बेरजा वहीत आहेत का? पाचच असतील तर आणखी दोन दिवस मोजा, मग पुढे या.

## टप्पा २ : तळ ठरवा

तळ म्हणजे कितीही वाईट दिवस असला तरी जेवढं होणारच, तेवढं. बहुतेकांनी ४० मिनिटांच्या दोन बैठका ठेवाव्यात. नोकरी करत तयारी करणाऱ्यांनी, घरची शेती किंवा दुकान बघणाऱ्यांनी, लहान मूल असलेल्या बायकांनी एकच ठेवावी आणि त्यात कमीपणा मानू नये. वहीतला सगळ्यात वाईट दिवस बघा. त्या दिवशी जेवढे तास झाले त्याच्या वर तळ जाता कामा नये.

तळ बरोबर आहे का हे बघायला एकच प्रश्न विचारा : घरात बहिणीची हळद आहे, पाहुणे आलेत, मला थोडी कणकण आहे, तर हे जमेल का? नाही जमणार असं वाटलं तर तळ अजून खाली आणा.

लोक इथे लाजतात. ८० मिनिटं? लोक १४ तास करतात आणि मी ८० मिनिटांचं प्लॅनिंग करू? मग वाढवून ४ तास ठेवतात, तिसऱ्या दिवशी मोडतं आणि परत पहिल्या पायरीवर. हा तळ आहे, छत नाही. चांगल्या दिवशी तुम्ही ५ तास कराल, ६ कराल, करा. फक्त पहिले तीन आठवडे तुमच्या नेहमीच्या बेरजेच्या दीडपटीवर जाऊ नका. म्हणजे सरासरी ४ तास असेल तर ६ च्या वर नाही, कितीही जोश असला तरी. जोशात १२ तास केलेला दिवस पुढचे दोन दिवस खाऊन टाकतो, वही चाळा, तुमच्याच आकड्यांत दिसेल.

## टप्पा ३ : बैठक एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधा

"सकाळी अभ्यास करेन" हे वाक्य निरुपयोगी आहे. सकाळ चार तासांची असते. "अमुक झालं की तमुक करणार" असं वाक्य बनवा. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा कधी, कुठे आणि काय करणार हे आधीच ठरवून ठेवणारे लोक ते काम जास्त वेळा पूर्ण करतात. कारण साधं आहे, त्या क्षणी निर्णय घ्यावा लागत नाही, आणि मूड नसताना आपला निर्णय नेहमी एकाच बाजूला झुकतो.

खूण अशी हवी जी रोज आपोआप घडते. माझं वाक्य होतं : मेसवरून आलो, बाटली भरली, की खुर्चीत. बाटली भरताना कुणाशी बोलायचं नाही, एवढंच. घरी अभ्यास करणारी एक मैत्रीण म्हणायची, सकाळचा डबा भरून दादा बाहेर पडला आणि फाटक वाजलं की मी टेबलावर. नोकरीवाल्यांनी ऑफिसनंतरची वेळ तळासाठी ठेवू नये, ऑफिसनंतर काय होईल ते तुमच्या हातात नसतं. सकाळी निघण्याआधीची ४० मिनिटं पक्की असतात.

गावाकडे लाइटचं वेळापत्रक बघूनच खूण ठरवा. आणि घरात राहणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की करा, घरच्यांना आधी सांगा. अपेक्षा ठेवू नका की त्यांना कळेल. सरळ बोला : "आई, सहा ते पावणेसात मी हाकेला ओ देणार नाही, दळण, दूध, काय असेल ते पावणेसातला सांग, लगेच जाईन." आणि पावणेसातला खरंच जा. दोन आठवडे तुम्ही शब्द पाळलात की आई स्वतः पाहुण्यांना सांगते, आता नको, ती बसलीये.

## टप्पा ४ : आदल्या रात्री ताट वाढून ठेवा

सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात जास्त फळ देणारा टप्पा हाच, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

सकाळी खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न पडतो, आज काय करू? इतिहास घेऊ की अर्थव्यवस्था? चालू घडामोडी राहिल्यात. की आधी सीसॅट, म्हणजे उतारे-गणित-बुद्धिमत्तेचा पेपर? या विचारात १५ मिनिटं जातात, मग माणूस "एकदा सिलॅबस बघतो" म्हणून फोन काढतो आणि बैठक तिथेच मोडते. उत्साह असला की हे १५ मिनिटांचं भगदाड आपण उडी मारून पार करतो. उत्साह नसला की त्यातच पडतो.

म्हणून रात्री झोपण्याआधी १० मिनिटं द्या :

१. उद्याच्या पहिल्या बैठकीचं काम एका चिठ्ठीवर लिहा, एकच काम.
२. पुस्तक त्याच पानावर उघडून पालथं ठेवा, किंवा पानात चिठ्ठी घाला.
३. कोरा कागद आणि चालणारा पेन ठेवा. पेन कागदावर ओढून बघा, खरंच.
४. बाकीची पुस्तकं टेबलावरून उचला. डोळ्यासमोर सहा पुस्तकांचा गठ्ठा असला की मन आधीच थकतं.

अभ्यासिकेत टेबल तुमचं नसेल तर हेच सगळं एका पिशवीत भरून ठेवा.

चिठ्ठीवर काय लिहिता यावर सगळं अवलंबून आहे. "राज्यशास्त्र करणे" हे काम नाही, तो डोंगर आहे. असं लिहा : "मार्गदर्शक तत्त्वं, कलम ३६ ते ५१ एकदा वाचायची, पुस्तक मिटायचं, आठवतील तेवढी कलमं कागदावर लिहायची, सुटलेली लाल पेनने भरायची." यात काय करायचं, कुठून कुठपर्यंत आणि संपलं हे कसं कळेल, तिन्ही आलं.

पुस्तक मिटून लिहिण्याचा भाग गाळू नका. नुसतं परत परत वाचणं सोपं वाटतं आणि लगेच विचारलं तर आठवतंही, पण आठवड्यानंतर ज्यांनी मिटून आठवून पाहिलं तेच पुढे असतात. रोडिगर आणि कारपिके यांच्या २००६ च्या प्रयोगात हे अगदी स्वच्छ दिसलं होतं. शिवाय शिस्तीच्या दृष्टीने फायदा असा की हाताला काम मिळतं, आणि हात चालू असला की मन भटकून परत येतं.

तपासा : उद्याची चिठ्ठी तुमच्या मित्राला दिली तर काही न विचारता त्याला ते काम करता येईल का? त्याला प्रश्न पडत असेल तर सकाळी तुम्हालाही पडणार.

## टप्पा ५ : फोन लांब ठेवा, सायलेंट नाही

सायलेंट फोन टेबलावर पालथा ठेवणं म्हणजे काहीच न करणं. उठून चार पावलं चालावं लागेल इतका लांब हवा : बॅगेत, बॅग रॅकवर, घरी असाल तर आईकडे. गजरासाठी आणि वेळेसाठी दीडशे-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा, "फक्त टाइम बघतो" हा बहाणा संपतो.

लेक्चर फोनवरच बघावं लागतं, मान्य. मग ते आदल्या रात्री डाउनलोड करा आणि बैठकीत फोन एअरप्लेन मोडवर टाका.

टेलिग्रामबद्दल वेगळं सांगतो कारण ते अभ्यासाच्या वेषात येतं. रोज चाळीस पीडीएफ येतात, आपण सेव्ह करतो, आणि सेव्ह केल्यावर अभ्यास झाल्यासारखं समाधान मिळतं. एक चॅनल ठेवा, बाकीच्यांतून बाहेर पडा. महत्त्वाची जाहिरात किंवा निकाल असेल तर तो तुमच्यापर्यंत पोचल्याशिवाय राहत नाही, पेठेत तर चहाच्या टपरीवर आधी कळतो.

## टप्पा ६ : पहिली १० मिनिटं

खुर्चीत बसलात, चिठ्ठी समोर आहे, फोन लांब आहे आणि तरी मन नाहीये. यासाठी एकच नियम. अभ्यास नाही केला तरी चालेल, पण उठायचं नाही, झोपायचं नाही, दुसरं काही करायचं नाही. समोरच्या पानाकडे बघत बसा. ४० मिनिटं संपेपर्यंत.

ऐकायला विचित्र वाटतं. पण करून बघा. रिकामं बसणं इतकं कंटाळवाणं असतं की सात-आठ मिनिटांत हात आपोआप पेनकडे जातो. मन लागलं की अभ्यास करू असं आपण म्हणत असतो, पण बऱ्याचदा करायला लागल्यावर मन लागतं. नैराश्यावरच्या उपचारात सुद्धा हा मार्ग वापरतात, आधी छोटी कृती, भावना मागून येते.

सुरुवात सोपी हवी असेल तर पहिल्या १० मिनिटांत पाच पीवायक्यू, म्हणजे मागच्या वर्षांच्या पेपरांतले प्रश्न, सोडवा. आणि वहीच्या शेवटच्या पानावर वाईट दिवसांसाठी कामांची यादी करून ठेवा : महाराष्ट्राच्या नकाशावर नद्या आणि धरणं भरणं, स्वतःच्याच जुन्या नोट्सची रिव्हिजन, सीसॅटचा एक उतारा. ही यादी चांगल्या दिवशी बनवायची. वाईट दिवशी सुचत नाही.

सावधान : वाईट दिवशी नवीन, अवघड टॉपिक उघडू नका. समजलं नाही की मनातला "आपल्याला जमत नाही" हा आवाज मोठा होतो.

## टप्पा ७ : दिवस चुकला तर

चुकणारच. मित्राचं लग्न, ताप, घरचं भांडण, किंवा काहीच कारण नाही. खरी गडबड चुकलेल्या दिवसाने होत नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी होते. माणूस दोनपैकी एक करतो. एक तर भरपाई करायला जातो, कालचं आणि आजचं मिळून डबल, आणि कोसळतो. नाहीतर "आता हा आठवडा गेलाच, सोमवारपासून नीट" म्हणतो आणि एक दिवसाचे पाच दिवस होतात.

नियम : दुसऱ्या दिवशी फक्त तळ. भरपाई शून्य. राहिलेला टॉपिक रविवारच्या हिशोबात बघू.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर सवयींचा अभ्यास केला होता. रोजची एक छोटी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते वगैरे जे फिरतं त्यावर स्वतःला मोजू नका. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुट्ट्या आधीच ठरवा. गणपतीला गावी जाणार आहात, दिवाळीला चार दिवस घरी आहात, तर जाण्याआधी वहीत त्या तारखांसमोर "सुट्टी" किंवा "एक बैठक" लिहा. पुस्तकांची पूर्ण बॅग गावी नेऊन न उघडता परत आणणं यासारखं मन खाणारं काही नाही.

## टप्पा ८ : वाढवायचं कधी

२१ दिवसांत १८ दिवस तळ पूर्ण झाला तर आणखी एक बैठक जोडा. आहे ती बैठक लांबवू नका, नवीन जोडा, नवीन खुणेला बांधून. मग परत २१ दिवस बघा. १८ पेक्षा कमी झाले तर तेवढ्यावरच थांबा, आणि १२ च्या खाली गेले तर तळ जास्त आहे, कमी करा. अशा गतीने चार-पाच महिन्यांत ५-६ तासांची खरी बैठक तयार होते. हळू वाटतं, पण भिंतीवरच्या त्या चार टाइमटेबलांमध्ये वर्ष गेलं होतं.

राज्यसेवेवाल्यांनी, म्हणजे एमपीएससीची ती परीक्षा देणाऱ्यांनी, तिसरी किंवा चौथी बैठक लिहिण्याची ठेवा. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, ९ पेपर, त्यातले ७ पेपर मिळून १७५० मार्क मेरिटला धरतात, प्रत्येक पेपर ३ तासांचा. उत्तरपत्रिकेवर पर्यायांचे गोळे काळे करायची सवय असलेला हात सलग ३ तास लिहू शकत नाही, आणि लिहिणं नकोसं असतं म्हणून मूड नसताना सगळ्यात आधी तेच गळतं. रोज एक उत्तर, दीड पान, घड्याळ लावून. चांगलं आलं पाहिजे असं नाही, पूर्ण झालं पाहिजे.

## रविवारचा हिशोब

२० मिनिटं. किती दिवस तळ झाला, कोणती बैठक सारखी मोडतेय, आणि ती कशामुळे मोडतेय. कारण लिहिताना "माझा आळस" असं लिहायला बंदी. "दुपारी जेवणानंतरची बैठक पाचपैकी चारदा झोपेत गेली" असं लिहा. मग उपाय समोर दिसतो, ती बैठक ४ वाजता न्या. एका आठवड्यात एकच बदल करायचा.

जमलं तर वही एका माणसाला दाखवा. रोज व्हॉट्सॲपवर तास टाकणारे ग्रुप नकोत, तिथे लोक फुगवतात आणि तुम्हीही फुगवाल. एक मित्र, रविवारी संध्याकाळी, पाच मिनिटं. मी माझी वही ज्याला दाखवायचो तो काही बोलायचा नाही, पानं उलटायचा आणि रिकाम्या तारखेवर बोट ठेवून विचारायचा, "इथं काय झालं रे?" बस.

## निकालाच्या दिवसासाठी आधीच लिहून ठेवा

सगळ्यात मोठी पडझड निकालानंतर होते, आणि त्या वेळी कुठलाच नियम आठवत नाही. म्हणून शांत असताना वहीच्या शेवटच्या पानाच्या मागे लिहा : यादीत नाव नसेल तर त्या रात्री कुणाबरोबर जेवणार, घरी फोन करून पहिलं वाक्य काय बोलणार, किती दिवस पुस्तक उघडणार नाही. तीन दिवस पुरतात, चार घ्या. या दिवसांत परीक्षा सोडायची की अजून एक अटेम्प्ट द्यायचा, हा निर्णय घ्यायचा नाही, त्याला महिनाभरानंतरची एक तारीख द्या आणि त्या दिवशी घरच्यांबरोबर बसून, पैशाचा आणि वयाचा हिशोब मांडून ठरवा. सोडायचं ठरलं तरी बैठक वाया जात नाही, दुसऱ्या कामाला लागते.

आणि पाचव्या दिवसाची तारीख टाकून तिच्यासमोर आजच लिहून ठेवा : मेसवरून आलो, बाटली भरली, एक बैठक, ४० मिनिटं, पाच पीवायक्यू.